साडूचे डिस्कस

नवेगाव बांधच्या तलावाकाठी लहानाचा मोठा झालो मी, आणि मासे कसे पाळायचे हे मला शिकवणार कोण, तर गोंदियात साड्या विकणारा माझा साडू! त्याच्या बैठकीत काचेची लांबलचक टाकी होती. तिच्यातले ताटलीएवढे, चपटे, निळे-तांबडे डिस्कस मासे त्याच्या हातातून खायचे. माझे डिस्कस मला पाहिलं की काळे पडून कोपऱ्यात दडायचे. बायको म्हणायची, "भाऊजींचे पाहा कसे आहेत." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एका दुपारी मी त्याच्याकडे गेलो, तर त्याच्या जोडीनं टाकीतल्या मातीच्या कुंडीवर अंडी घातलेली. साडू हरखून चहा सांगायला आत गेला. मी काचेवर जोरात टिचकी मारली. मासे बिथरले आणि पाहता पाहता आपलीच अंडी गिळून बसले. घाबरले की डिस्कस असंच करतात, हे मला ठाऊक होतं. साडू बाहेर आला, रिकाम्या कुंडीकडे पाहत राहिला. "जाऊ द्या, पुन्हा घालतीन," एवढंच म्हणाला.

पुढच्या खेपेच्या पिल्लांतली चांगली जोडी त्यानंच मला आणून दिली. यंदा तिनं अंडी घातली, तसं मी ऐटीत त्याला बोलावलं. तो दारातच थांबला.

"काऊन लांब उभे राहिले? जवळ या ना."

"नाही भाऊ," तो हात पाठीमागे बांधून म्हणाला, "काचेवर टिचकी मारली का अंडी खाऊन टाकतेत हे."

टिचकीचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं.