ओंजळ मोडणारे मास्तर

जानेवारी १९६४. मी अंगणात तूर झोडपत होते. शाळेचे झेलमास्तर आमच्या वस्तीत शिरले आणि नमस्कार ना चमत्कार, खिशातलं बोर काढून त्यांनी माझ्या किसनाकडे फेकलं. किसनानं ओंजळ धरली. बोर उसळून मातीत पडलं.

“ओंजळ कायले करतं बे? पाणी पिऊन राह्यला का?”

मला ते झोंबलं. आम्ही बौद्ध झालो होतो, तरी गाव आम्हाला पाणी वरूनच ओतत असे. आमची पोरं चालायला लागली की ओंजळ धरायला शिकत.

हाताला लागेल ते समोरच्याकडे फेकायची मास्तरांना खोड होती. बोर, खडू, किल्ल्या. म्हणूनच पोरं त्यांना झेलमास्तर म्हणत. हेडमास्तरांकडे म्हणे त्यांनी एकदा दौत फेकली होती. ती काही झेलली गेली नाही.

रोज संध्याकाळी ते आमची पोरं शाळेच्या क्रिकेटच्या मैदानावर नेऊ लागले. “चेंडू छातीवर आला तर बोटं आभाळाकडे. हात पुढे न्या, चेंडू बसला की अंगाशी घ्या. माह्या तोंडाकडे काय पाहता? चेंडू पाहा!”

मला यात काहीतरी काळंबेरं दिसत होतं. त्या मैदानावर कचेरीतल्या साहेबांची पोरं खेळत आणि आमची पोरं बाभळीत गेलेले चेंडू काढून देत. मी सरळच विचारलं, “काहून जी मास्तर, काट्यात हात घालाले पोरं कमी पडले का?”

“यवतमाळच्या सामन्याले या, बाई.” एवढंच. सरळ उत्तर त्यांनी कधी दिलं नाही. चहा पुढे केला तर म्हणाले, “खेळाच्या वक्ती घेत नाही.”

ते गेल्यावर शेजारची शेवंता हसली. “खेळाच्या वक्ती नाही व, आपल्या घरी नाही!”

मजुरी बुडवून मी शेवंताला घेऊन सामन्याला गेले. किसना पार टोकाला, झुडपांपाशी उभा. शेवंताला म्हटलं, “पाह्य, ठेवला ना काट्यात?” तेवढ्यात चेंडू उंच गेला. किसना धावला, बोटं वर केली, चेंडू हातात बसला. गडी बाद झाला तेव्हा मला कळलं, पोरगा संघात आहे.

मधल्या सुटीत शिपाई पाणी घेऊन आला. साहेबांच्या पोरांना गिलास, आमच्यांना वरून. किसनानं सवयीनं ओंजळ केली.

“किसना, ओंजळ मोड!” मास्तर ओरडले. स्वतः पीत होते तो अर्धा गिलास त्यांनी पुढे केला. “उष्टं आहे माह्यं. चालते का तुले?”

किसना गटागटा प्याला.

महिनाभरात मास्तरांची वणीला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी दारात आले. मी म्हटलं, “आता तं खेळ नाही. चहा घेता?”

“चहा मले बाधते, बाई. पाणी द्या.”

पाणी प्याले, तेही तांब्याला तोंड लावून. चहा बाधतो हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. पण मास्तर गेल्यावर शाळावाले पोरांना पुन्हा बाभळीत धाडतील, ही शंका मात्र मला झोपू देईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले. हेडमास्तरांनी बस म्हटलं नाही, तरी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, “पुढच्या सामन्यात माझा किसना कुठं उभा राहणार?” उत्तर मिळेपर्यंत उठले नाही.