दार म्हणजे दार

आमच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईचं दार कधीच पूर्ण उघडत नाही. वीतभर उघडतं, तेवढ्यातून एक हात बाहेर येतो, कपडे घेतो, "उंची किती कमी करायची?" असा आवाज येतो आणि दार लागतं. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, बाई शिष्ट आहे. असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीकच जाते. अख्खी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून केली मी, शिष्ट माणूस पायरीवर पाय ठेवायच्या आधी ओळखते. ही शिष्ट नाही हो, ही अडकलीय. दाराच्या आतल्या बाजूला, दाराला अगदी खेटून तिचं शिलाई मशीन आहे, मशीनमागे स्टूल आहे आणि स्टुलावर सकाळपासून ती.

त्याचं कारण तिचे बाबा. बाबा कुलूपवाले होते. बाजाराच्या तोंडाशी एवढंसं दुकान, पण गावात कुणाची किल्ली हरवली, तिजोरी अडकली की पहिली हाक त्यांना. आता त्यांना काही आठवत नाही. जेवलो की नाही ते नाही, बायको गेली ते नाही, समोरची बाई आपली मुलगी आहे हेही नाही. तिला ते "ओ बाई" म्हणतात. पण हात मेले काही विसरायला तयार नाहीत. कडी लावली, कडी काढली. कुलूप लावलं, चमच्याच्या दांड्यानं उघडलं. तिच्या भावानं दुरून आकड्यांचं भारी कुलूप पाठवलं, तर बाबा त्याला कान लावून बसले आणि चहा निवायच्या आत ते उघडून तिच्या हातात दिलं. वर म्हणाले, "ओ बाई, हे कुलूप काही कामाचं नाही, दुसरं घ्या."

दार उघडलं की ते थेट दुकानाकडे निघतात. दुकान कधीच विकलं, तिथे आता मोबाइलची काच लावून देतात. मागच्या वर्षी असेच निघाले आणि मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडले, दोन्ही बाजूंनी गाड्या, हातात चमचा. त्या दिवशी तिच्या तोंडचं पाणी पळालं ते पळालंच. संध्याकाळी तिनं मला हाक मारली, आम्ही दोघींनी मिळून मशीन ओढत दारापाशी नेलं. मला म्हणाली, "मावशी, आता मीच कुलूप. मला चमचा चालत नाही." हसली, मीही हसले. घरी येऊन मात्र मला जेवण गेलं नाही.

खिडकी आहे त्या खोलीला, पलीकडच्या टोकाला, बाबांच्या पलंगाशी. पण पडदा कायम ओढलेला. रस्ता दिसला की बाबांना दुकान उघडायची घाई होते. म्हणजे बघा, समोर दार, तेही बंद, पाठीमागे खिडकी, तीही झाकलेली, आणि मधे ही. भाजी, औषधं, दोऱ्याची रिळं मी आणून देते. रात्रीची ती गादी दाराला लावून झोपते. भाऊ फोनवर सल्ले देतो. सल्ल्याला पोस्टाचं तिकीटही लागत नाही हल्ली.

अशात तिला हायकूंचा नाद लागला. जाकिटाची बिघडलेली चेन कशी बसवायची ते फोनवर शोधत होती, तर कुठल्या कुठे जाऊन कवींच्या एका गटात पोचली. देशोदेशीची मराठी माणसं, रोज सकाळी तीन-तीन ओळी लिहायच्या आणि एकमेकांना 'वा वा' म्हणायचं. गट चालवणारे एक निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणतात. सरांचे नियम कडक. अक्षरं पाच, सात, पाच. ऋतूचा शब्द हवा. आणि डोळ्यांनी पाहिलेलंच लिहायचं, मनचं नाही. हिनं टोपणनाव घेतलं, 'फांदी'. मला समजावून सांगताना म्हणाली, "मावशी, सोपं आहे. एक कफ, मग पाठ, मग दुसरा कफ." मी म्हटलं, "आणि सदरा घालणार कोण?"

गटात वसंताचा महिना सुरू झाला. आता मला सांगा, जिला रस्तासुद्धा दिसत नाही तिनं वसंत कुठून आणायचा? तर तो तिच्याकडे दुरुस्तीला येत होता. शिवणीतून, दुमडीतून, खिशातून. पोरांच्या पँटी येत, गुडघे हिरवे झालेले. जाड जाकिटं येणं थांबलं आणि पातळ सदरे यायला लागले. कुणाच्या पँटीच्या उलट्या दुमडीत बियांचा कापूस, कुणाच्या लोकरी टोपीत मुंगी. ते सगळं ती चिमटीत धरून दिव्याखाली बघायची, मशीनवर पाय मारत मनात जुळवायची आणि सकाळी गटात टाकायची.

गुडघ्यावर
हिरवा डाग उरे
गवत नवे

असा एक. आणि हा माझा लाडका:

खिसा उलटा
टेबलावर पडे
सुकली कळी

गट खूश. कुणी लिहिलं, 'फांदी, किती भटकता हो तुम्ही!' कुणी विचारलं, 'रोज कुठल्या रानात जाता?' सर तर म्हणाले, 'फांदी पायांनी लिहितात.' हे वाचून ती इतकी हसली की सुई मोडली. "खरंच आहे, मावशी. पायमशीन आहे ना." तिची कळी अशी खुललेली मी फार दिवसांनी बघत होते. खरं काय ते सांगून टाक, असं मी दोनदा म्हटलं. ती म्हणाली, "नको. तिथं मी चालते-फिरते माणूस आहे. राहू दे ना एवढं."

मग सरांनी टूम काढली. गटातली जी माणसं आमच्या शहरात नि आसपास आहेत त्यांनी रविवारी सकाळी नदीकाठच्या बागेत जमायचं, चालत चालत हायकू म्हणायचे. आणि रस्ता दाखवणार कोण? फांदी! त्यांच्याइतकं हिंडलेलं दुसरं आहे कोण? झालं. हिनं फोन उलटा ठेवला. पण मी बघत होते ना, घाबरली होती त्याहून जास्त हरखली होती. बाग आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी बाबा दुकान बंद करून तिला न्यायचे तिथं.

"जायचं," मी म्हटलं. "मी बसते स्टुलावर. बसच्या दारात एवढी वर्षं उभी राहिले, तुझ्या दारात एक सकाळ बसता येणार नाही मला?"

"तुम्हाला त्रास, मावशी."

"गुडघे तसेही घरी बसून दुखतातच. इथं दुखतील."

रविवारी मी गेले तेव्हा ती तयार होती. निळे कपडे, स्वतः शिवलेले, आणि पायात बुटांचा नवा जोड, तळवे कोरे करकरीत. बाबा पलंगावर शांत बसले होते. ती उठली, मी स्टुलावर बसले, आणि बाबांनी आरडाओरडा सुरू केला. "ही कोण? दुकानात कोण घुसलंय? चोर, चोर!" माझा दंड धरून ओढायला लागले. म्हातारा हडकुळा, पण पकड अशी की बोटं उमटली. ती परत बसली, ते गप्प झाले. आम्ही थोडं थांबून पुन्हा अदलाबदल केली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी पाण्याचा तांब्या भिरकावला. तिनं ओली बाही पिळली आणि स्टुलावर बसली, बूट घातलेले तसेच, सवयीनं पाय मशीनच्या पायटीवर.

तिकडे फोन सारखा वाजत होता. 'फांदी, कुठवर आलात?' 'आम्ही फाटकाशी उभे आहोत.' 'इथं बहर नुसता ओसंडतोय, लवकर या!' मला रडायला येत होतं, खोटं कशाला बोलू. तिनं फोन उचलला आणि पहिल्यांदाच खरं लिहिलं.

दारापाशी मी
बाबा उघडतील
म्हणून इथे

पाठवलं आणि फोन माझ्यासमोर धरला. आम्ही दोघी वाट बघत बसलो. एक उत्तर आलं: 'वा! दार म्हणजे मनाचं दार ना?' दुसरं: 'बाबा म्हणजे साक्षात वसंत! ऋतूंचा बाप! काय प्रतिमा आहे!' तिसऱ्यानं टाळ्या वाजवणारे हात पाठवले, ओळीनं. शेवटी सर: 'आशय सुंदर. पण फांदी, ऋतूचा शब्द राहिला.'

ती पुन्हा हसली, पण हे हसू मला बघवेना. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्या हातातून फोन हिसकावला, आवाज पाठवायचं बटण दाबलं आणि सुरू झाले. "अहो कविमंडळी! ते दार म्हणजे दार आहे! लाकडाचं! बाबा म्हणजे बाबा! म्हातारा माणूस रस्त्यावर गाडीखाली जाईल म्हणून ही पोरगी दाराला मशीन लावून बसलीय. ती कुठंही हिंडत नाही. तुमचा वसंत ती लोकांच्या खिशातून काढते. आणि तुम्हाला शब्द कसला हवाय, शब्द!"

माझा आवाज म्हणजे काय विचारता, भरल्या बसमध्ये मागच्या बाकापर्यंत जायचा. बाबा दचकून उठले आणि तरातरा दाराशी आले, मशीनची कड धरून ओढायला लागले. मी आधीच पेटलेली. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "दारात उभं राहू नका! आत सरका, आत भरपूर जागा आहे! चला, आत सरका!"

आणि बाबा आत सरकले.

खरंच. हात सोडले, मान खाली घातली, "हो हो, सरकतो" म्हणाले आणि जाऊन पलंगावर बसले. दुकानाला जायला आयुष्यभर बसच धरली होती त्यांनी. नीट अंग चोरून बसले, शेजारी जागा ठेवून, आणि हात लांब करून पडदा बाजूला सारला, खिडकीतून बाहेर बघायला. किती दिवसांनी त्या खोलीत ऊन आलं! आम्ही दोघी बघतच राहिलो.

मी तिच्या कानाशी लागले. "जा. आत्ताच्या आत्ता जा. ही गाडी मी सांभाळते."

"मावशी, पण…"

"पण नाही नि बिण नाही. सूट!"

आम्ही मशीन हळूच सरकवलं. दार वर्षभरात पहिल्यांदा सताड उघडलं. ती उंबऱ्यावर क्षणभर अडखळली आणि बाहेर पडली. नव्या बुटांचा टक टक आवाज जिन्यावरून खाली जाताना मी ऐकत होते आणि मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. मी दार लावलं, मशीन परत खेटवलं आणि स्टुलावर बसले. बाबांना म्हटलं, "आरामात बसा, तुमचा स्टॉप आला की सांगते."

बाबांनी बाहेर बघितलं. मग शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. जागेवर हात फिरवला, पलंगाखाली वाकून बघितलं. आणि एकदम उभे राहिले, चेहरा पांढराफटक.

"कंडक्टर! गाडी थांबवा! माझी पोर खाली राहिली!"

"बाबा, बसा, येईल ती…"

"लहान आहे हो ती! तिला घरचा रस्ता माहीत नाही. ठमे! अगं ठमे!"

ठमी. लहानपणी ते तिला तसं म्हणायचे, असं तिनंच मला कधीतरी सांगितलं होतं. आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून ते नाव आलं नव्हतं. म्हातारा ढसाढसा रडत होता, भिंतीवर हात आपटून गाडी थांबवायची घंटा शोधत होता. जिन्यावरचा टक टक आवाज थांबला. मी मनात म्हणत होते, ऐकू नकोस गं बाई, जा, पुढे जा. मग आवाज पुन्हा सुरू झाला, वर येणारा.

मी मशीन मागे ओढून दार उघडलं. ती आत आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कुठं राहिली होतीस?" बाबा ओरडले. दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. "जीव घेशील माझा एक दिवस. बस इथं. खिडकीशी बस." त्यांनी तिला खिडकीची जागा दिली आणि स्वतः कडेला बसले, ती पडू नये म्हणून हात आडवा धरून. मग सदऱ्याचा खिसा चाचपत माझ्याकडे वळले. "एक पूर्ण, एक अर्धं. बाजारापर्यंत."

मी मशीनवरच्या कागदी नमुन्याचे दोन तुकडे फाडले, एक मोठा, एक छोटा. मोठा त्यांना दिला, छोटा तिच्या हातात ठेवला. तिनं तो मुठीत घट्ट धरला.

खिडकीबाहेर आमचंच अंगणातलं झाड होतं, कोवळ्या पानांनी लगडलेलं. रोज मी त्याच्या खालून जाते, मान वर करून कधी बघितलं नाही. ती बघत होती, कपाळ काचेला टेकवून. मशीनवर फोन वाजायला लागला होता, थांबतच नव्हता. कुणी उचलला नाही.

"कंडक्टर," बाबा म्हणाले, "गाडी सुटली का हो?"

मी तोंडानंच दोनदा घंटा वाजवली. "सुटली."

त्यांची खात्री पटेना. त्यांनी तिला विचारलं, "ठमे, सुटली का गं?"

"हो बाबा," ती काचेकडे तोंड करूनच म्हणाली, "सुटली."