बेथलेहेमचा घुमट

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कला महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी ग्रंथालयातून एक पुस्तक घरी आणलं आणि नाताळच्या सुट्टीभर त्यालाच चिकटून बसले. इस्लामी कला आणि वास्तुकलेची ओळख करून देणारं, अगदी नवख्यांसाठी लिहिलेलं. अशी पुस्तकं मला आजही फार आवडतात. ती आपल्याला काहीच येत नाही असं धरून चालतात, पण त्यात अपमान नसतो. कमान कशी उभी राहते, चौकोनी खोलीवर गोल घुमट कसा बसवतात, वर्तुळाचे सहा सारखे भाग केले की त्यातून चांदणी कशी निघते, सगळं बोट धरून सांगतात. वसईतल्या आमच्या घराच्या ओट्यावर मी कंपास घेऊन वर्तुळांवर वर्तुळं काढत बसायचे. आई म्हणायची, "जेवायला येतेस, का तेच खाणार?"

त्या सुट्टीत खरा निकाल माझाच लागायचा होता. पप्पांची केळीची वाडी. मी कला शिकायला गेले ती आईच्या हट्टामुळे. आमच्या गावच्या मुली बहुतेक नर्स होत, नाहीतर शिक्षिका. चुलत बहीण नर्सिंगला लागली तसं पप्पांनी बोलूनच दाखवलं, "चित्रं काडून कोनाचं भलं झालंय? नव्या वर्षात तू पन नर्सिंगचं बघ." मी भांडले, मग अबोला धरला. शेवटी तेच म्हणाले, "यंदा गोठा तू कर. काय शिकलीस ते दिसू दे. मग ठरवू."

गोठा म्हणजे नाताळात अंगणात मांडतात तो येशूजन्माचा देखावा. दरवर्षी तो पप्पाच करायचे. पेंढ्याचं छप्पर, गोणपाटाचे डोंगर, नाचणी पेरून उगवलेलं हिरवं शेत. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायची सोय नव्हती. तो माझ्या हातात दिला, म्हणजे ती परीक्षाच होती.

काका सातिवलीच्या एका कारखान्यात होते, त्यांनी पॅकिंगचा थर्मोकोल आणून दिला. मी पुस्तक समोर उघडं ठेवलं. त्यात जेरुसलेमचे आणि दमास्कसचे फोटो होते. बेथलेहेमही तिकडचंच, तेव्हा तिथली घरंही अशीच असणार, असा माझा सरळ हिशेब. घुमट झाला, दोन मिनार झाले, टोकदार कमानी झाल्या. ब्लेडने जाळ्या कोरल्या. आत बल्ब लावला की घराच्या भिंतीवर चांदण्या पडायच्या. बघायला सगळी आळी लोटली. नाताळच्या कार्डांवर बेथलेहेमचे घुमट सगळ्यांनीच पाहिलेले, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही. पप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला नुसतं सांगायचे, "पोरीनं केलाय." मला जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या चर्चचे फादर गावच्या गोठ्यांच्या स्पर्धेसाठी घरोघर बघत आमच्याकडे आले. बराच वेळ वाकून बघत राहिले, जाळ्यांचं तोंडभर कौतुक केलं. मग हसू दाबत म्हणाले, "बाळ, काम सुंदर आहे. पण ही तर मशीद झाली गं. येशू जन्मला तेव्हा इस्लाम यायला अजून सहाशे वर्षं होती."

जमलेली मंडळी हसली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण हसली. पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात कधी काय झालं ते सगळं दिलेलं होतं. मी ते ओलांडून थेट चित्रांवर गेले होते. पप्पा हसले नाहीत. फादरांच्या हातात केळ्यांची फणी देऊन त्यांना फाटकापर्यंत सोडून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं कॉलेज संपलं, हे मी मनाशी धरूनच टाकलं.

संध्याकाळी मी सुरी घेऊन मिनार कापायला बसले. पप्पा चर्चमध्ये नाताळच्या मिस्साला, रात्रीच्या प्रार्थनेला, जायचे कपडे घालून बाहेर आले.

"काय करतेस, बाय?"

"चुकलंय ना, पप्पा. काढून टाकते."

"राहू दे." ते इस्त्रीच्या पँटनिशी माझ्याशेजारी मातीत बसले. "त्या राती येशूच्या बिचाऱ्या आयबापाला कोनी घरात घेतलं नव्हतं. तुझ्या घराला दार तरी हाय. घर कोनाचं का असंना."

मी अर्धवट कापलेला मिनार त्यांनी दोन काड्या टोचून पुन्हा उभा केला. मागे सरकून बघितला, जरासा वळवला.

"आन् कॉलेजात परत गेलीस की ते पुस्तक पयल्यापासून वाच," ते म्हणाले. "पुढच्या वर्षाच्या गोठ्यात फादरला बोलायला जागा ठेवू नको."

मी मानेनेच हो म्हटलं. सुरी बाजूला ठेवली आणि आतला बल्ब लावला.