लाइन विहिरीवरून चालली आणि बाबा गप्प राहिले

गावातल्या पोट्ट्यांनो, आज ग्रामपंचायतीत नव्या हायटेन्शन लाइनची सभा झाली. मी इकडे सुरतेत, कंपनीच्या गेटबाहेर उभा राहून चुलतभावाच्या व्हिडिओ कॉलवर पाहून राह्यलो होतो.

नकाशात लाइन आमच्या विहिरीवरून जाते. विहिरीजवळच मी घर बांधणार आहे. गावात परत यायला माझ्याजवळ तेवढीच जागा आहे, आणि तारांखाली घर बांधू देत नाहीत.

लाइनवाल्या साहेबांनी विचारलं, "कोणाची हरकत?"

बाबा गप्प. मी फोनवरून ओरडलो, "बाबा, बोला ना. लाइन धुऱ्यानं, बांधाच्या कडेकडेनं न्या म्हणा." सगळे हसले. भावानं फोन खिशात टाकला.

नंतर बाबाला विचारलं, काहून नाही बोलले?

"लाइनच्या मोजणीच्या दिवशी ते साहेब आपल्या वावरात जेवले. तुह्या मायनं वाढलं. जेवू घातलेल्या माणसाले चारचौघात आडवं कसं जाऊ बाप्पा?"

तेव्हापासून माझं मशीनवर लक्ष नाही. लाइनवाले साहेब म्हणे लेखी हरकत अजून घेतात. मग मीच पाठवतो. मी तर त्यांना जेवू घातलं नाही ना. हरकत कशी लिहितात, कोणी सांगाल काय?