तांदळाच्या डब्यातलं पुस्तक

कळंबच्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा आपल्याला सफाईने खोटं बोलता येतं याचा मला नवाच शोध लागला. साठीच्या दशकातली गोष्ट. एकट्या मुलीला खोली मिळणं मुश्कील होतं. एका शेतकरी मावशींनी पडवीलगतची खोली दिली आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "बाई, तुमी कोन?" मी म्हटलं, नगरकडचे, शेतीवाले. शेती होती, दीड एकर. बाकीचं गिळलं. आम्ही ख्रिस्ती हे कळलं की खोली जाणार आणि खोलीपाठोपाठ नोकरी, अशी माझी खात्रीच होती.

मग काय, सोंग वठवणं आलं. कपाळाला कुंकू, हातात बांगड्या. पडवीत जेवायला बसले की डोळ्यांत कचरा गेल्यासारखं करायचं आणि तेवढ्यात प्रार्थना उरकायची. बायबल तांदळाच्या डब्यात, तळाशी. रविवारच्या शाळेत शिकवलं होतं की देव सगळं बघतो. ते मला लहानपणापासून धमकीसारखंच वाटायचं. देवाने बघितलं तर बघू दे, मावशींनी बघू नये, इतकीच माझी त्या वर्षीची भक्ती.

नाताळला घरी गेले नाही. सुटी एकच दिवसाची आणि नगर लांब. सकाळी दार लोटून घेतलं आणि ख्रिस्तजन्माचा अध्याय तरी वाचावा म्हणून डब्यात कोपरापर्यंत हात घातला. पुस्तक नव्हतं. सगळे तांदूळ परातीत ओतले, तरी नव्हतं. मग लक्षात आलं, हे तांदूळसुद्धा माझे नव्हेत.

तेवढ्यात मावशी आल्या. हातात धुतलेल्या फडक्यात बांधलेलं माझं पुस्तक. नवं भात कांडून आणलं की घरातल्या प्रत्येकाच्या डब्यात ते पडलं पाहिजे, असा त्यांच्या घरचा रिवाज, आणि त्यांच्या लेखी मी घरातलीच होते. म्हणून आदल्या दिवशी मी शाळेत असताना त्यांनी माझा डबा रिकामा करून नव्या तांदळाने भरला होता. पुस्तक रात्रभर स्वतःच्या देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

"देवाचं बुक कुनी तांदलात ठेवतं का? किडं लागतील ना," त्या म्हणाल्या. "आन जेवताना डोले मिटता, तं आमी काय आंधले हाव?"

म्हणजे पाच महिने माझं नाटक फुकट गेलं होतं. आज तुमचा सण ना, मग वाचा मोठ्याने, असं म्हणून त्या सुपात तांदूळ घेऊन निवडत उंबऱ्याशी बसल्या. मी वाचू लागले. वाटसरूंच्या उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवलं, इथे त्यांचे हात थांबले. बाळंतिणीला जागा नाही म्हणणाऱ्या त्या उतारशाळेच्या मालकावर त्या खरोखरीच चिडल्या, जणू तो पलीकडच्या आळीतला होता.

तो राग बघून मला धीर आला. त्यांना अजून निम्मंच माहीत होतं. मी पुस्तक मिटलं आणि उरलेलं सांगून टाकलं: माझे आजोबा गावकुसाबाहेर जन्मले, ज्यांना गावच्या विहिरीवर येऊ देत नसत ती आमची माणसं, ख्रिस्ती झालो ते नंतर.

मावशी पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. भावकीत काय ऐकून घ्यावं लागेल, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. देव माणसाला आरपार बघतो आणि तरी टाकत नाही, यावर पुढे मी पुष्कळ पाळकांची प्रवचनं ऐकली. चांगली होती. पण मला ते पटवलं या बाईने, आणि तिच्याइतका आदर मला फार थोड्यांबद्दल वाटला आहे.

त्यांनी एक खडा वेचून अंगणात टाकला आणि सूप बाजूला ठेवलं.

"चा ठेव गं," त्या म्हणाल्या. "मलापन दे."

मी स्टोव्ह पेटवला. चहाचा कप हातात घेऊन त्या माझ्या खोलीत थांबल्या नाहीत. पडवीच्या पायरीवर जाऊन बसल्या, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसतील अशा, आणि सावकाश प्यायल्या.