सरांच्या नावानं लावलेलं कुलूप

अन्याय झाला तो सौंसरच्या संत्रा-शेडमध्ये कराटे शिकणाऱ्या पोरींवर, आणि तो झाला दिगंबर सरांच्या तेरवीच्या दिवशी, दुपारी, शेवटची पंगत उठल्यावर. कुण्या पुढाऱ्यानं केला नाही, कुण्या अधिकाऱ्यानं केला नाही. आम्ही केला, सरांवर जीव टाकणाऱ्या आम्ही. शेडमध्ये जमून ठरवलं की सरांशिवाय वर्ग नाही, त्यांच्या जागी दुसरं कोणी उभं राहणार नाही, तिथे त्यांचा फोटो राहील आणि रोज दिवा लागेल. ठराव लिहायचा कागद फिरत फिरत माझ्याकडे आला. पत्रकं लिहायची सवय... दोन ओळींत सुबक उतरवला. सगळ्यांनी माना हलवल्या, आणि शेडला कुलूप लागलं. आजवर मी दुसऱ्यांच्या चुकांवर पत्रकं काढली. आज माझ्या स्वतःच्या चुकीवर लिहिते आहे.

सर गेले तेव्हा मी पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर होते. कॉलेजच्या पोरींसाठी संध्याकाळची एक बस वाढवा, असं पत्रक वाटत होते. नलूताईचा फोन आला. नलूताई म्हणजे सरांची पहिली विद्यार्थिनी, आमच्यातली सगळ्यात जुनी ब्लॅक बेल्ट, एरवी शिलाईचं दुकान चालवते. ती एवढंच म्हणाली, "शेडवर ये." आमचा वर्ग संध्याकाळी पाचचा, सकाळी शेडवर कोणी कोणाला बोलावत नाही. हातातली पत्रकं शेजारच्या बाईच्या मांडीवर ठेवली आणि समोर लागलेल्या बसमध्ये चढले. घरच्या अंगणात गाडी पुसता पुसता सर खाली बसले होते, ते उठलेच नाहीत... हे मला नंतर कळलं.

सर मोहगावच्या शाळेत शिकवायचे आणि शाळा सुटली की सौंसरला येऊन आम्हाला. शेड एका संत्रा-व्यापाऱ्याचं. हंगाम नसला की सगळी जमीन आमची. हंगामात पेट्यांच्या थप्प्या लागायच्या आणि आम्ही मधल्या गल्ल्यांत उभ्या राहायचो. लाथ पेटीला लागली की सर लांबून ओरडायचे, "संत्र्यानं तुझं काय घोडं मारलं वं?" मी पहिल्यांदा गेले तेव्हा सातवीत होते. बसमध्ये एक जण रोज त्रास द्यायचा, त्याचे दात पाडायचे एवढंच डोक्यात होतं, आणि ते मी पहिल्याच दिवशी सांगूनही टाकलं. सर म्हणाले, "दात पाडाले आली? चांगलं हाय. पण पहिले स्वतः पडाले शीक." महिनाभर त्यांनी मला पेट्यांत भरायच्या तणसावर, भाताच्या पेंढ्यावर, नुसतं पडायला लावलं. डावीकडे पड, उजवीकडे पड, मागे पड. मी चिडून विचारलं, मारायला कधी शिकवणार? म्हणाले, "पडाची भीती गेली का मंग सांगजो." भीती नेमकी कोणत्या दिवशी गेली ते सांगता येणार नाही, पण त्याच महिन्यात मी भरलेल्या बसमध्ये उठून उभी राहिले आणि त्या माणसाला मोठ्यानं त्याचं नाव विचारलं. हात उचलावा लागला नाही. पुढच्या स्टॉपला तो उतरून गेला.

वर्ग संपवायची आमची एक रीत होती, ती इतर वर्गांत मी कुठे पाहिली नाही. सगळ्या ओळीनं गुडघ्यांवर बसायचो आणि एकेकीनं सांगायचं, आज मला कोणी शिकवलं. नाव घ्यायचं, काय शिकवलं ते सांगायचं, आणि तिच्याकडे वळून वाकायचं. नियम एकच होता: सरांचं नाव घ्यायचं नाही. नव्या पोरी हमखास चुकायच्या, "सरांनी" म्हणायच्या, आणि सर कानावर हात ठेवून म्हणायचे, "ऐकू नाही आलं. दुसरं नाव सांग." मग ती पोरगी गोंधळून आजूबाजूला बघायची आणि पहिल्यांदा तिला दिसायचं की शेजारचीनं मघाशी आपली मूठ नीट वळवून दिली होती. मोठ्या पोरी लहान्यांची नावं घ्यायच्या, लहान्या मोठ्यांची. आठ वर्षांच्या पोरीपुढे नलूताईला वाकताना मी शंभरदा पाहिलं आहे.

एकदा माझी आई शेडवर आली. भिंतीवर ना देवाचा फोटो, ना कुणा गुरूचा. तिनं सरळ विचारलं, "गुरुजी, मंग ह्या पोरी वाकतात कोणापुढं?" सर म्हणाले, "एकमेकीपुढं, बाई." सर नास्तिक नव्हते, बरं का. दर शनिवारी जामसावळीच्या मारुतीला जायचे, कपाळाला शेंदूर लावून परत यायचे, पण प्रसाद वर्ग सुटल्यावर शेडच्या बाहेर वाटायचे. आईनं तेही विचारलं. "माझा मारुती माझ्यासंगं येतेच," ते म्हणाले, "पण आत कोणाचा देव कोणता, ते मी कायले इचारू?" दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या धाकट्या बहिणीलाही पाठवलं.

पत्रकांवरून सर मला खूप चिडवायचे. "आली का पत्रकवाली? आज कोणाची खैर नाही?" आमच्या पोरींनी जिल्ह्यात बक्षिसं आणली तेव्हा मी सरांच्या कौतुकाचं एक पत्रक छापलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं. "ह्यात नलूचं नाव कुठं हाय?" मी म्हटलं, वर्ग तर तुमचा आहे. "पोरींच्या लाथा नलूनं सुधारल्या. मी फक्त ओरडून राहिलो होतो." मग त्या पत्रकाची घडी घालून त्यांनी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली आणि टेबल हलवून बघितलं. "आता कामाचं झालं."

असा माणूस... आणि तेरवीला आम्ही काय केलं? नेहमीसारख्या ओळीत बसलो. पहिली म्हणाली, "मला सरांनी शिकवलं," आणि रडली. दुसरी तेच म्हणाली. तिसरीही. शेवटपर्यंत एकीनंही दुसरं नाव घेतलं नाही, मीही नाही. कानावर हात ठेवणारं कोणी नव्हतं ना. आणि सगळं सरांनीच शिकवलं, असं एकदा सगळ्यांच्या तोंडून निघाल्यावर पुढचं आपोआप आलं: मग आता शिकवणार कोण? कुलूप तिथेच लागलं होतं, दाराला नंतर अडकवलं एवढंच.

दोन आठवड्यांनी शेडवरून जाताना पूर्वी दिसली. ही आमच्यातली सगळ्यात लहान, चौथीतली. दाराच्या फटीतून आत बघत उभी होती. मला वाटलं, बिचारी नमस्कार करायला आली असेल.

"काय करून राहिली वं?"

"लाथ दाखवाले आली सरांना. मी रोज येतो पाच वाजता." आमच्याकडच्या पोरी 'येतो'च म्हणतात. "माझी लाथ डावीकडं जाऊन राहिली, ताई. फोटो काही बोलतच नाही."

मी हसले, आणि मग तिथेच ओट्यावर बसले. तिला म्हटलं, दाखव. टाच वळत नव्हती, एवढंच होतं. हातानं वळवून दिली. तिनं पाचदा मारून बघितली, सहावी सरळ गेली. "एवढंच होतं?" ती म्हणाली. "मंग तुम्ही पहिले काहून नाही सांगितलं?"

मी तडक नलूताईच्या दुकानात गेले. किल्ली तिच्याकडे आहे. तिनं मशीन थांबवलं नाही. "सरांच्या जागी उभी राहाची माझी हिंमत नाही. लोक काय म्हणतील? सर जाऊन महिना नाही झाला अन ही मास्तरीण बनली?" मी म्हटलं, इतकी वर्षं तू शिकवतच होतीस. "तेव्हा ते बसले राहत होते ना समोर," ती म्हणाली, आणि मशीन थांबलं. किल्ली तिनं दिली नाही. पण "जा" असंही म्हणाली नाही.

मी एकटी मागून ती देणार नाही, हे मला कळलं आहे. तिला भीती तुमची आहे. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे: ज्यांच्या मुली तिथे शिकत होत्या त्यांना, ज्या स्वतः त्या तणसावर पडून मोठ्या झाल्या त्यांना, आणि तेरवीला माझ्या ठरावावर मान हलवणाऱ्या प्रत्येकाला. तो ठराव मी मागे घेते आहे, तुम्हीही घ्या. येत्या सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत नलूताईच्या दुकानासमोर या. हार आणू नका, अगरबत्ती आणू नका. पोरीला घेऊन या, आणि तिच्या देखत, स्वतःच्या तोंडानं नलूताईला म्हणा: "माझ्या मुलीला तू शिकव."