न पचलेलं पान

माझ्या परसातल्या टोमॅटोच्या रोपांवर यंदा हिवाळ्यात अळी पडली. मी फवारणीचा पंप धुऊन तयार ठेवला होता, पण धाकटी बहीण शालिनी चार दिवस राहायला आली आणि तिने मला अडवलं. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची.

"दादा, जरा थांब. झाड काही नुसतं सोसत बसलेलं नाही."

"मग काय करतंय?"

कुरतडलेलं पान हातात धरून तिने सांगितलं, की जखम झाली की इथून एक निरोप निघतो आणि शिरांमधून न कुरतडलेल्या पानांपर्यंत जातो. ती पानं मग अशी प्रथिनं तयार करतात, की अळीच्या पोटातली पचनाची रसायनं अडून बसतात.

"ती खाते, पण अंगी लागत नाही," शालिनी म्हणाली.

मला ते पुरतं पटलं नाही, तरी पंप ठेवून दिला. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी अळ्या बघायला जायचो. पानांना भोकं पडत होती, पण अळ्या आकाराने होत्या तेवढ्याच राहिल्या, सुस्तावलेल्या. तिसऱ्या दिवशी दयाळ पक्ष्याची जोडी आली आणि त्यांना निवांत टिपून गेली.

पळता येत नाही म्हणून मी झाडांना आयुष्यभर दुबळं समजत आलो. जागा न सोडता, आवाज न करता लढता येतं, हे मला सत्तरीत कळलं.

चार टोमॅटो किडके निघाले. बाकीच्यांची शालिनीने कोशिंबीर केली आणि मी दोनदा वाढून घेतली.